पाठीवरची माती

"वस्ताद, हरलेल्या माणसानं फेटा बांधून घ्यावा का?"

बालेचाँद वस्तादांनी वर पाहिलं नाही. ते कुस्तीच्या हौद्यात उभे राहून तांबडी माती उकरत होते. खोरं वर जात होतं, खाली येत होतं.

"बूट काढ आदी," ते म्हणाले.

जयदीपनं खाली पाहिलं. पायांत नवे काळे बूट, आणि तो तालमीच्या उंबऱ्याच्या आत उभा. वयाच्या नवव्या वर्षापासून या उंबऱ्याबाहेर पायताण काढणारा गडी आज बुटांसकट आत शिरला होता. मन थाऱ्यावर नसलं की पाय असे चुकतात.

त्यानं बूट बाहेर नेऊन ठेवले, मोजेही काढले, आणि हौद्याच्या कट्ट्यावर अवघडून बसला. अंगात पांढराशुभ्र शर्ट होता, कडक इस्त्रीचा. मळेल म्हणून पाठ भिंतीला टेकू देत नव्हता.

"कुणाचं लगीन हाय?"

"लग्न नाही. सत्कार आहे. अकरा वाजता, कॉलेजात."

"कुणाचा?"

"...माझा."

खोरं थांबलं नाही.

कोल्हापुरात पोरगं एका पायानं तालमीत वाढतं आणि दुसऱ्या पायानं फुटबॉलच्या मैदानावर. जयदीप सरनाईकचे दोन्ही पाय आठवीतच मैदानाकडं वळले. कुस्ती सोडतो म्हणून सांगायला आला तेव्हा वस्ताद रागावले नाहीत, समजूतही घातली नाही. "माती उकरायला तेवढा येत जा," म्हणाले. तो दोन वर्षं आला. पुढं नाव झालं, मग येणं सणासुदीपुरतं राहिलं.

गेल्या वर्षी मात्र वाजतगाजत आला होता. कॉलेजनं करंडक जिंकला होता आणि जयदीप कर्णधार होता. हलगी कडाडत होती, गुलालानं रस्ता लाल झाला होता. करंडक त्यानं वस्तादांच्या पायाशी ठेवला, पण असा ठेवला की दारातल्या शंभर माणसांना नीट दिसावा.

वस्तादांनी तेव्हा एवढंच विचारलं होतं, "पाणी प्यालास का?"

त्याला ते लागलं होतं. आज तो एकटाच आला होता.

"मॅच बघितली का तुम्ही, वस्ताद?"

"न्हाई. किती झालं?"

"सात."

"तुमचं?"

"...शून्य."

"हं."

वस्तादांनी कोपऱ्यातलं ताकाचं भांडं उचललं आणि उकरलेल्या मातीवर शिंपडलं. मग तेल, मग हळद. ऐंशीला टेकलेला माणूस, पण हात थरथरत नव्हता. समोरच्या कोनाड्यात मारुतीपुढं त्यांनीच पहाटे लावलेला दिवा अजून तेवत होता. मोहरमला याच खोलीत पिराचा पंजाही तेच बसवायचे. त्यात काही वेगळं आहे असं गल्लीत कुणाला वाटत नसे.

"सात गोल खाणाऱ्याचा सत्कार कशापायी करत्यात?"

हाच प्रश्न जयदीप दोन रात्री स्वतःला विचारत होता. फरक एवढाच, की त्याला उत्तर ठाऊक होतं.

शनिवारी दुपारी सामना होता, घरच्या मैदानावर. समोर गोव्याच्या एका कॉलेजचा संघ. ती पोरं सामन्याआधी अंग मोकळं करताना चेंडू एकमेकांकडं देत होती तेव्हाच जयदीपला निकाल दिसला होता. चेंडू त्यांच्या पायाशी पाळलेल्या मांजरासारखा घुटमळत होता.

पहिला गोल चौथ्या मिनिटाला झाला.

मध्यंतराला चार होते. कोल्हापूरचा प्रेक्षक म्हणजे मोठा दर्दी आणि तितकाच तिखट. हरणाऱ्याला तो शिव्या देतो, पण खेळ सोडणाऱ्याला हसतो. सहाव्या गोलनंतर गॅलरी हसायला लागली. सातव्याला शिट्ट्या वाजल्या, आणि कुणीतरी ओरडलं, "सरनाईक, घरला जावा आता, आई वाट बघतीया!"

चौसष्टावं मिनिट होतं. गोलरक्षक संताजीनं जाळ्यातून चेंडू काढला. तो राधानगरीकडचा पोरगा, सहा फुटी, आणि चक्क रडत होता. जयदीपनं चेंडू काखेत घेतला आणि मधल्या वर्तुळाकडं चालू लागला. ती पन्नास पावलं त्याला कोस झाली.

पुढचं त्यानं आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

"वस्ताद, सातनंतर गोल झाला नाही. शेवटची सव्वीस मिनिटं आम्ही एकही गोल खाल्ला नाही. लोक उभे राहिले. टाळ्या वाजवल्या. पेपरात आलं, सात गोलनंतरही कोल्हापूरची झुंज. म्हणून प्राचार्य सरांनी..."

"म्हणून फेटा."

"हो."

"बरं हाय की मग."



वस्तादांनी लिंबू कापलं, मातीवर पिळलं. दुसरं कापलं.

"संताज्या काल येऊन गेला हितं," ते म्हणाले. "दोन्ही कोपरं सोलून आणल्यात. म्या हळद भरली. लई खुशीत हुता. म्हणाला, वस्ताद, सव्वीस मिनिटं एक बी घुसू दिला न्हाई."

जयदीपनं मान खाली घातली. कानाच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं माणसाला वाटतं म्हणतात. त्याला तसंच वाटलं. पण तालमीतली जमीन भारी घट्ट असते.

"वस्ताद..."

"बोल."

"मी मागितलं ते."

खोरं थांबलं.

"काय मागितलंस?"

"चेंडू मधे ठेवला. त्यांचा कर्णधार समोर उभा होता, आग्नेल नावाचा. मी खाली वाकलो. लोकांना वाटलं बुटाची नाडी बांधतोय. खाली बघूनच बोललो... भाई, अब बस करो ना."

"मंग?"

"त्याला आधी कळलं नाही. मी पुन्हा बोललो. मग तो त्याच्या कोकणीत हळूच म्हणाला, पुरो? मी मान हलवली."

"आनि?"

"त्यानं हात वर करून त्याच्या पोरांना काहीतरी सांगितलं. त्यानंतर त्यांनी गोलवर जीव तोडून मारलंच नाही. चेंडू मधेच फिरवत राहिले. लांबून कधीतरी मारायचे, तेही बाहेर. आमच्या पोरांना वाटलं, आपण अडवतोय. लोकांना वाटलं, पोरं पेटली." तो कट्ट्याच्या कडेवर सरकला. "नुरा कुस्ती झाली ती, वस्ताद. या तालमीत वाढून मी नुरा खेळलो."

नुरा म्हणजे आतून ठरवलेली, खोटी कुस्ती. हा शब्द या तालमीत शिवीपेक्षा वाईट. पूर्वी एका नामांकित पैलवानाला वस्तादांनी त्यावरून उंबऱ्याबाहेर काढलं होतं, आणि तो पैलवान त्यांचा सख्खा भाचा होता.

जयदीप वाट बघत बसला. आता खोरं अंगावर येईल, नाहीतर बोट दाराकडं जाईल. दोन्हीपैकी काहीही झालं असतं तरी त्याला बरं वाटलं असतं.

वस्तादांनी खोरं भिंतीला टेकवलं.

"ये हौद्यात."

जयदीप उठला. शर्टाच्या गुंड्या काढू लागला.

"ऱ्हाऊ दे. अंगावरच ऱ्हाऊ दे."

"वस्ताद, अकरा वाजता..."

"ये."

तो पँट गुडघ्यापर्यंत दुमडून हौद्यात उतरला. पायाला गार माती लागली. कितीतरी दिवसांनी लागली होती. वस्तादांनी चिमूटभर माती त्याच्या दोन्ही तळव्यांवर टाकली, सलामी दिली, आणि मानेवर हात घातला.

"धर."

जयदीपनं धरलं. हाताखाली नुसती हाडं लागली. हा माणूस एकेकाळी दोघांना काखेत घेऊन बैठका मारायचा. आता जरा जोर लावला तर कुठंतरी मोडेल, अशी धास्ती त्याला वाटली.

वस्तादांनी टांग लावली. जयदीप सैल झाला आणि अलगद पाठीवर पडला. पडताना चेहराही पडलेल्या माणसासारखा केला.

"लागली पाठ, वस्ताद. तुमचा हात अजून..."

बोलता बोलता त्यानं वर पाहिलं. वस्तादांच्या तोंडावर जी शरम होती, ती त्यानं शनिवारी संध्याकाळी आरशात पाहिली होती.

"म्या मागितलं हुतं का?" वस्ताद म्हणाले.

"...नाही."

"ऊठ."

पुन्हा सलामी झाली. या वेळी जयदीपनं खरं धरलं. म्हाताऱ्याच्या हाडांत अजून कसब होतं. दोनदा तो निसटला, एकदा जयदीपचा गुडघा मातीला लागला. पण वीस वर्षांचं अंग ते वीस वर्षांचंच. हळूहळू जयदीपची पकड कमरेला बसली. वस्तादांचा श्वास फुलला. छातीतून शीळ ऐकू यायला लागली. आता उचलायचं आणि टाकायचं, एवढंच उरलं होतं.

"पुरं, बाळ..." वस्ताद त्याच्या कानाशी म्हणाले. "पुरं कर आता..."

जयदीपचे हात सुटले.

पुढं काय झालं ते त्याला नीट कळलं नाही. दंडाला हिसका बसला, पाय वर गेले, छताचे वासे दिसले, आणि पाठ धाडकन मातीत बसली. ताक, तेल, हळद, लिंबू सगळं काही शर्टात मुरलं.

छातीवर गुडघा ठेवून वस्ताद धापा टाकत होते.

"तुम्ही पुरं म्हणालात!"

"म्हणालो."

"ही लबाडी झाली, वस्ताद!"

"झाली."

ते बाजूला सरले आणि हौद्याच्या कडेला टेकून बसले. जयदीप तसाच पडून राहिला. दोघांचेही श्वास खाली यायला थोडा वेळ गेला. 

"पुरं म्हटलं, तवा काय वाटलं तुला?" वस्तादांनी विचारलं.

"काही नाही वाटलं."

"आठीव."

जयदीपनं आठवलं.

"हात सुटले. आपोआप."

"म्या हलका वाटलो? भिकारी वाटलो?"

"नाही वस्ताद!" तो ताडकन उठून बसला. "तसं कसं वाटंल?"

"मंग त्या गोव्याच्या पोराला तू तसा वाटलास, हे कुणी सांगितलं तुला?"

 

आग्नेलचा चेहरा जयदीपला आठवला. सामना संपल्यावर तो हात मिळवायला आला होता. जयदीपनं बोटांची टोकं पुढं केली आणि मान वळवून घेतली. तो बिचारा दोन क्षण तसाच उभा राहिला होता, काहीतरी बोलायचं असल्यासारखा...

"मंग लाज कशाची वाटतीया?" वस्ताद म्हणाले. "नीट बघ. मंग सांग."

बाहेर दूधवाल्याची सायकल गेली. कोनाड्यातला दिवा विझत आला होता. वस्ताद उठले, त्यात तेल घातलं, परत येऊन बसले.

"संताजीची," जयदीप म्हणाला.

"हं."

"त्यानं मागितलं नव्हतं. कुणीच मागितलं नव्हतं. दहा पोरं मरमर पळत होती. त्यातला एक ओकला, तोंड पुसून परत पळाला. संताजी त्या लांबच्या चेंडूंवर झेप घेत होता, गोल वाचवायला म्हणून. बाहेरच जाणारे चेंडू होते ते. मी बघत होतो आणि... आणि मला ठाऊक होतं." त्यानं मनगटानं नाक पुसलं. मनगटाची माती नाकाला लागली. "सामना संपल्यावर त्यानं मला खांद्यावर घेतलं, वस्ताद. माझा जयजयकार केला. मी खांद्यावर बसून हात हलवला."

"हलवलास?"

"हलवला."

एवढं बोलून तो रडला. मोठ्यानं नाही, तालमीत मोठ्यानं रडायची रीत नव्हती.

वस्तादांनी रडू दिलं.

"सांगितलं तर त्यांच्या हातात काय उरंल, वस्ताद? सात गोल खाऊन त्यांच्याकडं तेवढी सव्वीस मिनिटंच आहेत. तीही काढून घेऊ?"

वस्तादांनी पायाला चिकटलेली माती चोळून काढली.

"आणि नाही सांगितलं, तर फेटा बांधून घ्यायचा. आज प्राचार्य बांधणार. झुंजार कर्णधार म्हणून. मी पुढं उभा राहणार आणि पोरं माझ्या मागं, ओळीनं."

"मागं?"

"हो. स्टेजवर तसंच असतंय. कर्णधार पुढं, टीम मागं."

"संताज्याचं कोपार खरंच सोललंय," वस्ताद म्हणाले. "म्या बघितलंय."

जयदीपनं मान वर केली.

"त्या सव्वीस मिनिटांतला घाम तू न्हाई दिला. तुला काढून बी घेता यायचा न्हाई."

मग त्यांनी त्याला उठायची खूण केली.

या तालमीची एक रीत होती. कुस्ती हरलेल्या पोरानं पाठ झटकायची नाही. फडावरून माती तशीच घेऊन, भर रस्त्यानं, लोकांच्या नजरा खात तालमीत यायचं, आणि वस्तादांपुढं पाठ करून उभं राहायचं. वस्ताद आपल्या हातानं ती झटकायचे, काही न बोलता. तो हात एकदा फिरला की हार संपली. पुढं तिचं नाव कुणी काढायचं नाही. लहानपणी जयदीप असा नऊ वेळा उभा राहिला होता. जिंकून आलेल्या कुणाच्या पाठीवर मात्र त्यांचा हात फिरलेला कुणी पाहिला नव्हता.

शनिवारी सामना झाल्यावर जयदीपनं मैदानावरच्या नळाखाली तासभर अंघोळ केली होती. आणि सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

आता तो वळला. पाठ करून उभा राहिला. डोळे मिटले. तो खरबरीत तळवा खांद्यापासून कमरेपर्यंत फिरेल, आणि शनिवार संपेल.

तळवा आला नाही.

त्यानं मागं वळून पाहिलं. वस्ताद खोरं घेऊन पुन्हा हौद्यात उतरले होते. जिथं जयदीप आपटला होता तिथं मातीत खड्डा पडला होता. तो खड्डा ते बुजवत होते.

"वस्ताद, पाठ..."

"आज म्या न्हाई झटकणार."

"का?"

"शनिवारी माझ्यासंगं हरलास का तू?"

"नाही..."

"तुझ्या ज्या पोरांसंगं हरलास, ती झटकतील. त्यांना वाटलं तर."

कोपऱ्यातल्या आरशाकडं पाठ करून जयदीपनं मान मुरडली. पांढऱ्या शर्टावर मानेपासून कमरेपर्यंत तांबडा, तेलकट ठसा उमटला होता. पुढून शर्ट जवळजवळ कोरा होता. पुढच्या रांगेत बसणाऱ्या पाहुण्यांना फेटा दिसला असता, हार दिसला असता. पाठ फक्त मागच्या ओळीला दिसणार होती.

साडेनऊ वाजले होते. घर पाच मिनिटांवर. कपाटात दुसरा पांढरा शर्ट होता. त्याचा विचार मनात आला, हे कबूल करायला हवं.

तो उंबऱ्याबाहेर गेला. मोजे खिशात कोंबले, बूट घातले. उजवीकडं घर होतं, डावीकडं कॉलेजचा रस्ता. तो थोडा वेळ तसाच उभा राहिला आणि परत दारात आला. या वेळी बूट आत आले नाहीत.

"वस्ताद."

"काय?"

"पोरं विचारतील. पाठीला काय लागलंय म्हणून. सगळ्यांसमोर विचारतील, स्टेजवर."

"इचारू देत की."

"प्राचार्य फेटा बांधत असतील तेव्हा. समोर सगळं कॉलेज असंल." त्यानं दाराची चौकट धरली. "मी काय करू मग?"

वस्तादांनी खोऱ्यानं माती सारखी केली. मारुतीकडं एकदा पाहिलं. मग त्याच्याकडं.

"तोंड पोरांकडं कर."